शेंगेचा नांगर

माझ्या सासऱ्यांची शेवटची होडी निळी होती, आणि ती निळी का होती हे आधी सांगायला हवं. माझा नवरा साकीनाक्याला एका फायबरच्या वर्कशॉपात कामाला होता. तिथे पाण्याच्या टाक्या, छपराचे पत्रे आणि न्हाणीघराची दारं बनत. ऐंशीच्या दशकात उपनगरांत जिकडेतिकडे इमारती उठत होत्या, प्रत्येक इमारतीत न्हाणीघरं होती, आणि न्हाणीघराचं दार निळंच हवं असा त्या काळच्या लोकांचा काहीतरी समज होता. वर्कशॉपच्या मालकाकडे कुठलंसं परदेशी मासिक येई. त्यात दोन्ही टोकांना निमुळत्या, एकाच माणसाच्या होडीचं चित्र होतं. तिच्यात बसून एक गोरा गृहस्थ अगदी मजेत मासे पकडत होता. माझ्या नवऱ्याने मालकाला विचारून सुट्टीच्या दिवशी साचा केला, दारांच्या उरलेल्या मालाचे थर चढवले आणि तशी होडी घडवली. मासिकात तिला कयाक म्हटलं होतं. ती टेम्पोतून आमच्या कोळीवाड्यात उतरली तेव्हा सासऱ्यांनी तिला पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि म्हणाले, "ही तं वालाची शेंग!" कयाक हे नाव तिथेच संपलं.

मी मूळची त्या वाड्यातली नव्हे. माझं माहेर कांदिवलीला, घर मालवणी, वडील गिरणी सुटल्यावर एका कारखान्यात पहाऱ्याला. त्याच फायबरच्या वर्कशॉपात मी टायपिंग करायचे, तिथेच आमचं जमलं, आणि मी बोरिवलीच्या खाडीकाठी कोळ्यांच्या घरात सून होऊन आले. मासे मला लहानपणापासून खायला येत होते. ते सोडून त्या घरातलं मला काहीच येत नव्हतं. पहिल्या आठवड्यात सगळ्यात मोठा धक्का बसला तो सासूबाईंच्या बोलण्याचा. माझी आई वडिलांशी बोलताना "अहो ऐकलंत का" यापलीकडे कधी गेली नव्हती. इथे सासूबाई भर अंगणात सासऱ्यांना "तू गप रं" म्हणत आणि सासरे खरोखर गप्प बसत. मला ते घर तिथेच आवडलं.

सासरे आयुष्यभर भावांच्या जोडीने मशीनच्या मोठ्या बोटीवर गेले होते. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी समुद्रात असतानाच त्यांच्या छातीत कळ आली. भावांनी त्यांना जाळ्यांवर निजवून परत आणलं. डॉक्टरांनी सांगितलं, मोठी बोट बंद, जाळी ओढणं बंद, वजन उचलणं तर मुळीच नाही. हलकं चालणं-फिरणं, हलकं वल्हवणं चालेल. सासूबाईंनी यातलं "बंद" तेवढं ऐकलं.

मग सासरे घरी बसले, आणि घराची वाट लागली. मी बोंबील साफ करायला घेतले की ते मागे येऊन उभे राहत. शेपटी इथून नको, तिथून काप. खोबरं जाड झालं. चिंच पातळ झाली. सासूबाई बाजाराला निघाल्या की पाटीतले मासे पुन्हा लावून देत; पाप्लेटं वर का ठेवली, खाली का नाही. एकदा बाजारातच जाऊन बसले आणि गिऱ्हाईकाला म्हणाले, "हे हलवं नका घेव, कालचं हाय." सासूबाईंनी त्यांना त्या दिवशी रिक्षात घालून परत पाठवलं. पण संध्याकाळी ते दाराशी बसत आणि कोणाची बोट आली, कोणाची यायची आहे हे आपल्याशीच बोलत, तेव्हा त्यांच्याकडे बघवत नसे. धिप्पाड माणूस, पण खुर्चीत दिवसेंदिवस लहान होत चालला होता. नवऱ्याने शेंग बनवली ती त्यासाठी. खाडीच्या शांत पाण्यात, घरापासून हाकेच्या अंतरावर नांगर टाकून बसायचं, गरी सोडायची, मिळाला तर एखादा शिंगाळा नाहीतर काळुंद्र आणायचं. वजन काहीच नाही.

सासूबाईंनी शेंगेला नावं ठेवली नाहीत. तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि म्हणाल्या, "जा. मी नाय कधी बोलले? पन नांगर मी पसंत करेन. माझ्या पसंतीचा नांगर मिलला की जा."

सासरे खूश झाले. मीही झाले. माझा नवरा तेवढा डोकं खाजवत राहिला, कारण तो आपल्या आईला आमच्यापेक्षा जास्त ओळखत होता.

पहिला नांगर त्यानेच आणला. साकीनाक्याला शेजारच्या वेल्डरकडून एका नळीच्या तोंडाशी चार सळया वाकवून जोडून घेतल्या होत्या. खाडीच्या चिखलात अशा सळया रुततात आणि धरून राहतात. लहान होड्यांना सगळे तसलाच वापरत. सासऱ्यांनी तो एका बोटावर तोलून पाहिला आणि त्यांना तो एकदम पटला. फक्त दोर कुठे बांधायचा यावरून बापलेकांत जुंपली. नवऱ्याने हाताशी यावी म्हणून बसायच्या जागेजवळ, कुशीला कडी बसवली होती.

"कुशीला बांधतंस? ओहोटीचं पानी आलं की शेंग पालथी!" सासरे ओरडले. "नाकाला बांध. बोट नाकानं पान्याला तोंड देते, कुशीनं नाय."

कडी नाकावर गेली. मग त्यांनी दोर नांगराच्या वरच्या कडीत न बांधता खाली, सळयांच्या बुडाशी बांधला आणि तो वर आणून वरच्या कडीला नुसत्या सुतळीने अडकवला. नांगर कुठे अडकलाच तर जोरात ओढायचं, सुतळी तुटते आणि नांगर उलटा होऊन मोकळा येतो. हे सगळं ते मला अशा उत्साहाने समजावत होते की दोन दिवस त्यांनी माझ्या खोबऱ्याकडे लक्षसुद्धा दिलं नाही.

सासूबाईंनी नांगर उचलला, इकडून तिकडून पाहिला. "यो काय? लुगडी वालत घालायचा आकडा?" आणि खरोखर त्याच्यावर ओलं लुगडं टाकून त्या आत गेल्या.

दुसरा नांगर माझ्या वडिलांनी आणला. लेकीच्या सासरी काही अडलंय म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही. मधोमध भोक असलेला एक काळा दगड पिशवीत घालून ते बसने आले. "आमच्या गावाक होडयेक दगडच बांधतत," ते मला म्हणाले. "लोखंड कित्याक? दगडाक गंज नाय, खर्च नाय." सासऱ्यांनी व्याह्यांसमोर दगडाची तोंडभरून स्तुती केली. तुमच्याकडे खाली रेती आणि खडक, तिथे दगडासारखं काही नाही, असं म्हणाले. आमच्याकडे चिखल आहे आणि चिखलावरून दगड लोण्यावरून घसरावा तसा घसरतो, हे मात्र त्यांनी गिळलं. सासूबाईंनी व्याह्यांना सुरमई वाढली, दगड दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि माझे वडील गल्लीच्या टोकाशी दिसेनासे होताच सुक्या बोंबलांच्या पिंपाच्या झाकणावर ठेवून दिला. तिथे तो अगदी शोभला.

तिसरा सासूबाईंनी स्वतः निवडला. त्यांच्या दिरांच्या अंगणात मोठ्या बोटीचा जुना नांगर गंजत पडला होता, तो दोन माणसं लावून आणवला. शेंग तेव्हा काठाशी उथळ पाण्यात तरंगत होती. नांगर तिच्या नाकात ठेवला मात्र, नाक पाण्यात आणि शेपूट आभाळात. बघायला जमलेल्या बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. सासूबाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"यो मना पसंत हाय," त्या म्हणाल्या. "अक्क्या वाड्यानं बोलायचं काय, एवढ्या मोठ्या घरचा मानूस न् नांगर बोटभर?"

"अगो, यो घेतला तं मी खय बसू?" सासऱ्यांनी मुद्दाम माझ्या वडिलांची बोली उचलली.

"नको बसू," सासूबाई म्हणाल्या.

आता माझ्या डोक्यात थोडा उजेड पडू लागला. तरी मी भाबडेपणाने सुचवलं की आपणच साकीनाक्याला जाऊ, वेल्डरकडून आईंच्या डोळ्यांदेखत हवा तसा नांगर करून घेऊ. सासूबाई लगेच तयार झाल्या. गोरेगावहून आरेतून जाणाऱ्या बसने आम्ही दोघी गेलो. त्यांनी हिरवं लुगडं नेसलं होतं, अंबाड्यात अबोलीचा गजरा, कानांत जड सोनं. साकीनाक्याच्या त्या काळ्या, ठिणग्या उडणाऱ्या गल्लीत त्या शिरल्या आणि लेथवरच्या माणसांनी आपोआप बाजूला होऊन वाट दिली.

वेल्डरने तीन-चार नमुने मांडून ठेवले होते. सासूबाई त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि त्यांनी नांगर मासळीसारखे निवडायला घेतले. दुसरी रीत त्यांना ठाऊकच नव्हती. एकेक उचलला, उलटा केला, सळईच्या बेचक्यात बोट घालून कल्ला उघडावा तसं आत पाहिलं. वेल्डिंगच्या सांध्यावर अंगठा दाबून बघितला. एकाचा तर वास घेतला. मग सगळे एका बाजूला सारून हात झटकले.

"बरा नाय."

"मौसी, लोहा है, मच्छी नहीं," वेल्डर काकुळतीला येऊन म्हणाला. "इसमें क्या खराब होगा?"

"तुना नाय कलनार," सासूबाई म्हणाल्या आणि उठल्या. त्याचा चेहरा इतका पडला की मी मागे राहून त्याची माफी मागितली.

परतीच्या बसमध्ये आम्हाला बाजूबाजूला जागा मिळाली. आरेतले तबेले मागे पडले, झाडी सुरू झाली. सासूबाई खिडकीतून बघत होत्या. मी धीर करून विचारलं, "आई, तुम्हाला नक्की कसला नांगर हवाय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि बाजारातल्या हसण्याहून वेगळं, थोडं खाली बघून हसल्या. "नकोय मना," त्या म्हणाल्या. "कुठलाच नकोय. तुना कललं नाय अजून? टायपिंग येतं ना तुना?"

मग त्यांनी सांगितलं. सासऱ्यांना कळ आली त्या दिवशी बोट यायची वेळ टळून गेली होती. बाकीच्या बोटी आल्या, मासळीचा लिलाव झाला, बायका पाट्या उचलून गेल्या, तरी ह्या बंदरावर उभ्या. येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. कोणी म्हणालं मागे आहे, कोणी म्हणालं दिसली नाही. शेवटी बोट लांब दिसली, पण नाकाशी उभा असलेला माणूस आपला नाही हे त्यांना तेवढ्या लांबूनही कळलं. सासरे नेहमी नाकाशी उभे असत. बोट काठाला लागेपर्यंतचा तो वेळ त्या कशा जगल्या हे त्यांना सांगता येईना. नुसते हात एकमेकांवर चोळत राहिल्या. "आता घरात हाय. कटकट करतो, पन डोल्यांसमोर हाय," त्या म्हणाल्या. "घरात कोनी बुडत नाय गो."

मला सासूबाईंचं पटलं होतं आणि खुर्चीतल्या सासऱ्यांचंही पटत होतं. सुनेची अशी पंचाईत माझ्या आईने मला कधी सांगितली नव्हती.

त्यानंतर नांगराचा विषय महिनाभर तरी तसाच लोंबकळला. सासरे रोज शेंग धुवत. कोरड्या जमिनीवर शेंगेत बसून कोणी हवेत वल्हं मारताना पाहिलं नसेल, तर ते किती केविलवाणं आणि किती हसू येणारं असतं हे सांगून कळणार नाही. शेवटी एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर त्यांचा तोल सुटला.

"तू नांगर पसंत करतंस," ते अंगणात उभे राहून म्हणाले, "पन नांगर पसंत करायचा कुठं? दुकानात? अंगनात? पान्यात बसल्याशिवाय नांगर कलतो काय? तू कवा बसलीस होडीत?"

हे नाकाला मिरच्या झोंबतील असंच बोलणं होतं. आमच्या घरात बायका मासेमारीच्या बोटीवर पाय ठेवत नसत, ही रीत त्यांच्यापेक्षा सासूबाईच जास्त पाळत. पलीकडच्या काठाला जायच्या तरीत बसणं वेगळं आणि बोटीवर चढणं वेगळं. सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. शेंगेकडे पाहिलं.

"ही बोट नाय," त्या म्हणाल्या. "हे मोरीचं दार हाय. हिच्यात बसायला मना कोनाची बंदी?"

आणि तिथल्या तिथे पैज लागली. ओहोटीची ओढ लागेल तेव्हा शेंग मधल्या धारेत न्यायची, लुगडं वाळत घालायचा तोच हलका नांगर टाकायचा आणि सासूबाईंनी आत बसायचं. नांगर घसरला तर शेंग अंगणात पालथी घालून तिचं कोंबड्यांचं खुराडं करायचं, आणि सासऱ्यांनी पुन्हा पाण्याचं नाव काढायचं नाही. धरला तर त्यांनी उद्यापासून खुशाल जावं. सासरे "कबूल" म्हणाले, पण लगेच त्यांचा आवाज उतरला. "राव दे गो," ते म्हणाले, "मीच बसतो, तू काठावरून बघ." सासूबाई ऐकायला थांबल्याच नाहीत.

त्यांना शेंगेत बसवणं हे एक काम होतं. दोन शेजारणींनी वरून दाबलं, नवऱ्याने खालून शेंग धरली, आणि एकदा बसल्यावर त्या अशा घट्ट बसल्या की पडायची भीती उरली नाही. परीक्षा पुरी व्हावी म्हणून सासऱ्यांनी त्यांच्या हातात गरीची दोरी दिली, आणि नांगराचा दोर किती सोडायचा हे मुलाला चार वेळा सांगितलं. "आखडता नको घेव. नांगर वजनानं नाय धरत, दोरानं धरतो. भरपूर सोड." नवरा शेजाऱ्याची होडी घेऊन शेंग ओढत मधल्या धारेत गेला, नांगर टाकला आणि सासूबाईंनी हुकूम केल्याप्रमाणे परत आला. निळ्या शेंगेत हिरवं लुगडं आणि अबोलीचा गजरा, असा थाट खाडीने त्याआधी पाहिला नसेल. काठावर सगळा वाडा जमला होता.

सुरुवातीला भरती-ओहोटीच्या मधलं थांबलेलं पाणी होतं. शेंग स्वस्थ. सासूबाईंनी गरी टाकली, मिश्री लावली. काठावरून कोणी ओरडून पाप्लेटचा भाव विचारला तर त्यांनी तिथून हात नाचवून सांगितला. मग ओहोटीला ओढ आली. आमच्यासमोर धारेत सासऱ्यांच्या भावांच्या आणि आणखी दोघांच्या मोठ्या बोटी नांगरून ठेवलेल्या होत्या, त्याही सगळ्या हळूहळू फिरल्या. शेंगही फिरू लागली. बघता बघता ती बोटींच्या पलीकडे सरकली आणि दिसेनाशी झाली.

"घसरला," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

मी सासऱ्यांच्या शेजारी उभी होते. दोर भरपूर सोडलेला, पाण्याची दिशा बदललेली. शेंग दोराच्या लांबीएवढी पलीकडे जाणारच होती, हे त्या काठावर सगळ्यात जास्त कोणाला कळायला हवं तर त्यांना. पण त्या क्षणी त्यांना यातलं काही सुचलं नाही. ते "अगो" म्हणून ओरडले. उत्तर नाही. पुन्हा ओरडले. मग चपला काढायचं भान न राहता चिखलात उतरले. मी दंड धरला तर माझा हात झटकून टाकला. गुडघ्यापर्यंत रुतले, मांड्यांपर्यंत रुतले, आणि तिथून त्यांनी सासूबाईंना नावाने हाक मारली.

आमच्या घरात नवरा बायकोला नावाने हाक मारत नसे. मी तर सासूबाईंचं नाव तोवर रेशनकार्डावरच वाचलं होतं. सासरे एकामागून एक हाका मारत होते, आवाज फाटला तरी मारत होते, आणि मधेच रडवेले होऊन म्हणाले, "नको मना ती शेंग! नको नांगर! घरात बसतो मी, तू ये!" मला आधी हसू आलं होतं, ते कुठच्या कुठे गेलं. त्यांच्या छातीच्या भीतीने मी नवऱ्याला ढकललंच. तो शेजाऱ्याची होडी घेऊन बोटींच्या मागे गेला.

तो लवकर आला नाही. मग बोटींच्या आडून होडीचं टोक दिसलं, आणि तिच्यामागे निळं नाक. सासूबाई सरळ बसलेल्या होत्या. गजरासुद्धा जागच्या जागी. मांडीवर एक मध्यम शिंगाळा तडफडत होता.

शेंग काठाला लागली. सासरे चिखलात तसेच उभे, सासूबाई शेंगेत तशाच अडकलेल्या. सगळा वाडा ऐकत होता, आणि पैज सासूबाईंच्या हातात होती. शेंग कुठे सापडली हे माझा नवरा सोडून कोणी पाहिलं नव्हतं. "घसरला" एवढा एक शब्द बोलल्या असत्या तर जन्मभराचा घोर मिटला असता. सासरे आधीच हरून बसले होते.

सासूबाईंनी त्यांच्याकडे, त्यांच्या चिखलाने माखलेल्या पायांकडे बघितलं.

"धरला," त्या म्हणाल्या. "बरा धरला. जागचा नाय हलला."

एवढं बोलून त्यांनी शेजारणींना हात केला आणि मोठ्या कष्टाने बाहेर निघाल्या. सासरे नळावर पाय धुवायला गेले. ते तिथे नको इतका वेळ पाय धूत राहिले, आणि त्यांच्या मागे कोणी गेलं नाही.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात मसाला वाटत होते आणि सासूबाई शिंगाळ्याच्या तुकड्यांना हळद-मीठ लावत होत्या. नवऱ्याने मला हळूच सांगितलं होतं की तो बोटींच्या मागे पोचला तेव्हा आईने त्याला हाताने थांबवलं होतं. जरा थांब, घाई नको, असं खुणेने सांगितलं होतं. मला राहवेना.

"आई, बाबांच्या हाका तुम्हाला ऐकू आल्या नाहीत?"

"आयकल्या गो. पहिलीच आयकली."

"मग ओ का नाही दिलीत? त्यांची छाती कशी आहे तुम्हाला माहीत आहे."

त्यांचा हात थांबला. त्या चिडल्या नाहीत. "ती चूक झाली," त्या म्हणाल्या. "लय वेल नको होता करायला." मग तुकडा परातीत उलटा करत म्हणाल्या, "पन एवढी वरसं मी बंदरावर उभी र्‍हायले. पान्याकडं बघून मनातल्या मनात किती हाका मारल्या. मना कोनी ओ दिली?"

बाहेरच्या खोलीत सासरे खुर्चीत बसले होते. आमच्या घरात भिंती अशा होत्या की पलीकडची उचकीसुद्धा ऐकू येई. त्यांनी ऐकलं की नाही हे मला तेव्हा कळलं नाही. जेवताना त्यांनी मसाल्याला नावं ठेवली नाहीत एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भरती लागली तशी सासूबाईंनी स्वतः तो आकडा उचलून शेंगेत ठेवला, दोराचं वेटोळं नीट लावलं, पाण्याची बाटली आणि डॉक्टरांच्या गोळ्या एका डब्यात घालून बसायच्या जागेखाली सारल्या, आणि बाजाराची पाटी घ्यायला पाठमोऱ्या झाल्या. सासरे हळू वल्हवत गेले. मोठ्या बोटींच्या अलीकडे, घराच्या दारातून दिसेल अशा जागी त्यांनी नांगर टाकला. मासे तिथे कमी लागतात, हे त्यांनीच मला मागे सांगितलं होतं.

थोडा वेळ गेला आणि खाडीतून आवाज आला.

"ओऽऽ!"

मी दचकून दाराशी धावले. सासरे मजेत बसले होते, गरी पाण्यात, पाठ आमच्याकडे. कोणीही त्यांना हाक मारली नव्हती. सासूबाई उंबऱ्यापाशी पाटीत मासे लावत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. आणखी थोड्या वेळाने पुन्हा तसंच, लांबलचक, "ओऽऽ!"

ते पुढे कितीतरी वर्षं शेंग घेऊन जात राहिले, आणि नांगर टाकून बसले की मधून मधून न मारलेल्या हाकेला अशी ओ देत राहिले. वाड्यातल्या पोरांनी त्यांची नक्कल करून करून सोडून दिली. सासूबाईंनी एकदाही उलट हाक दिली नाही. त्या पहिल्या दुपारी त्या फक्त मला म्हणाल्या, "बघ कसा वरडतो. एक मासा र्‍हानार नाय खाडीत," आणि पाटीतली नीट लावलेली पाप्लेटं उगाचच काढून पुन्हा लावू लागल्या.